बोट उमटत नाही

"दाबू नका हो मावशी! बोट नुसतं ठेवायचं. पीठ मळताय का?"

गोदाबाईंनी दचकून बोट उचललं, पदराला पुसलं आणि पुन्हा त्या इवल्याशा काचेवर ठेवलं. काचेखाली लाल दिवा लागला, जरा वेळ थरथरला आणि विझला. दुकानदार चुडामण महाजननं स्क्रीनकडे पाहून मान हलवली.

"नाही घेत."

"मंग दुसरं लावू?"

"लावा."

दुसरं लावलं, तिसरं लावलं, डावा हात झाला. दिवा दर वेळी लागायचा आणि विझायचा. मागं रांगेत कॉलेजची पोरं उभी होती, त्यांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. त्यांची चुळबुळ सुरू झाली.

"केळीत जाता ना कामाला?" चुडामणनं विचारलं.

"हाव. बुडाची पिलं कापते. घड उतरवाले बी जाते."

"मग झालं तर! चीक लागतो ना. चिकानं रेघा गेल्या तुमच्या. बोट आहे, पण त्याच्यावर काही उरलंच नाही. मशीन वाचणार काय?"

गोदाबाईंनी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. तळवे काळपट होते, नखांच्या कडा तर शाई लागल्यासारख्या. निंबोल्याच्या शिवारात केळीत राबणाऱ्या कुठल्याही बाईचे असतात तसेच ते हात होते.

"बिना रेघाचं बोट असते का रे भाऊ?"

"असतं ना. हे काय, समोर आहे."

रांगेतलं एक पोरगं हसलं. "आजी, सरकार सोचेल की तुम्ही वरती गेल्या!"

"मी मेली नई रे बाप्पा," गोदाबाई म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतले. तेव्हापासून ते हात बाहेर आले नाहीत. पैसे द्यायलासुद्धा त्यांनी पदराआडूनच हात पुढं केला, आणि चुडामणनं मोठ्या मनानं म्हटलं, "राहू द्या, काम झालंच नाही तर कसले पैसे." वर सल्लाही दिला. थोडे दिवस केळीत जाऊ नका, बोटं लिंबानं चोळा, चांगली घासा, चीक निघाला की या, चुटकीसरशी केवायसी करून देतो. केवायसी झाली नाही तर विधवा पेन्शन थांबणार, हेही त्यानंच सांगितलं होतं.

गोदाबाई "बरं" म्हणून गेल्या. इंजिनेर म्हणतो म्हणजे खरंच असणार.

इंजिनेर! मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात चुडामणला सगळे याच नावानं हाक मारत. कागदावर तो इंजिनेर नव्हता, बी.कॉम.ला दोनदा आपटलेला होता. पण बऱ्हाणपुरात कॉम्प्युटर नवलाचा होता तेव्हा त्यानं क्लास काढला, अर्ध्या गावाला टायपिंग शिकवलं, आणि क्लास बसला तेव्हा त्याच खोलीत ऑनलाइनचं दुकान थाटलं. माणूस मनानं वाईट नव्हता. फक्त त्याला बोलायचा फार सोस होता, आणि त्यातही एका विषयावर. कॉम्प्युटर चालवायला विंडोज बरी की लिनक्स बरं? तुम्ही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जा की मार्कशीटच्या झेरॉक्ससाठी, हा प्रश्न तुम्ही विचारला आहे असं समजून तो उत्तर देणार.

"विंडोज कशी आहे," तो सांगायचा, "घरजावयासारखी. सगळ्या कंपन्या तिचे लाड करतात. कुठलंही यंत्र आणा, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, तिच्यासाठी आधी तयार. पण खायला किती लागतं! आणि मधेच अपडेट लावून बसेल, गिऱ्हाईक समोर ताटकळत. मॅक मी शाहपुरातल्या त्या लग्नाच्या फोटोवाल्याकडे पाहिला. दिसायला झकास, पण तो आपल्या जातीतल्या यंत्रांशीच नीट बोलतो. आणि लिनक्स? फुकट, हलकं, जुन्या डब्यावर पळतं. ज्याला डोकं आहे त्याच्यासाठी आहे ते."

त्याचा स्वतःचा डबा जुनाच होता. जुनी विंडोज कंपनी आता सांभाळणार नाही आणि नवी या डब्यात बसणार नाही, असं कळलं तेव्हा गावातल्या सगळ्या ऑनलाइनवाल्यांनी नवी यंत्रं आणली. चुडामण म्हणाला, तुम्ही मेंढरं आहात. त्यानं लिनक्स घातलं. आणि खरंच, दर अपडेटनंतर रुसून बसणारा त्याचा प्रिंटर लिनक्सनं तार लावताक्षणी ओळखला. सीडी नको, काही नको. स्कॅनर चालला, कॅमेरा चालला. चुडामणनं त्याचा व्हिडिओ काढून दुकानदारांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'डोकं पाहिजे.'

अडलं ते एका बोटाच्या मशीनपाशी. तिचा ड्रायव्हर विंडोजसाठी होता, मोबाइलसाठी होता, लिनक्ससाठी नव्हताच. आता व्हिडिओ टाकून झालेला! मग चुडामणनं लिनक्सच्या पोटात एक छोटी विंडोज बसवली आणि बोटाची मशीन तिला जोडून दिली. दिवा लागला. मशीननं त्याचं बोट घेतलं, बायको तृप्तीचं घेतलं, पोरांची घेतली. त्यानं मांडीवर थाप मारली.

म्हाताऱ्यांची मात्र घेईना.

हे त्याच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. आधी उमटणारी बोटं आता उमटत नव्हती, एवढं त्याला दिसत होतं. मनात एकदा चुकचुकलंही, की आपल्या जुगाडात तर काही नाही? पण तो विचार त्यानं तिथंच दाबला. कारण दुसरं उत्तर तयार होतं आणि या मुलखात ते कुणीही मानलं असतं. चीक! केळीच्या चिकानं कापड नासतं, लुगडी नासतात, मग बोटं का नासणार नाहीत? त्यानं एकाला सांगितलं, ते पटलं. दुसऱ्याला सांगितलं, तेही पटलं. नंतर तर लोकच दुकानात शिरताना म्हणायला लागले, "बघा बाप्पा, चिकाचे हात आहेत." कचेरीत डोळ्यांवरून ओळख पटवायची मशीन होती, तिकडं पाठवता आलं असतं. पण तिकडं पाठवलं की लोक म्हणणार, इंजिनेरच्या मशीनमध्ये दम नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

अंगण सरळ निघालं ते वसंततात्यांमुळे. तात्या म्हणजे चुडामणचे चुलते, शाहपूरला केळीचा बाग राखून असलेले. त्यांचं बोटही त्यानं असंच परत पाठवलं होतं. एका दुपारी ते दुकानात सहज टेकले आणि पाणी पिता पिता म्हणाले, "माझं झालं रे ते केवायसीचं. शनवारा चौकात तो पंकज आहे ना, ऑनलाइनवाला, त्याच्याकडे. बोट ठेवलं नई ठेवलं, तं हिरवं आलं."

"लिंबू लावून गेले होते?"

"कायचं लिंबू? बागेतूनच गेलो होतो सरळ. हात बी नई धुतले."

चुडामणचं तोंड उतरलं. तात्यांना तसंच सोबत घेऊन, स्वतःची मशीन पिशवीत टाकून तो शनवाऱ्यावर पंकजच्या दुकानात गेला. हा पंकज कधीकाळी त्याच्याच क्लासात शिकलेला. ग्रुपवर चुडामण ज्यांना मेंढरं म्हणाला, त्यांतला एक.

"जरा माझी मशीन तुझ्या लॅपटॉपला लावून पाहू दे," चुडामण म्हणाला.

पंकजनं लावली. तात्यांनी काळंकुट्ट बोट ठेवलं. लाल दिवा लागला आणि लगेच स्क्रीनवर हिरवी खूण आली. मशीन तीच होती, बोट तेच होतं.

"सर, तुम्ही ती लिनक्सच्या आतून चालवता ना?" पंकज हळूच म्हणाला. "तिकडून वाट वाकडी पडते. बोटाचं चित्र पोचेपर्यंत टाइम संपतो. पोरांच्या रेघा साफ असतात, निघून जातं. म्हाताऱ्यांचं राहतं. ड्रायवरच नाही तिकडं, तुम्ही तरी काय करणार?"

पंकज हसला असता, त्यानं 'डोकं पाहिजे' असं म्हणून टोमणा मारला असता, तर चुडामणला बरं वाटलं असतं. पण पोरगं नुसतं खाली बघत होतं. वर म्हणालं, "माझा जुना लॅपटॉप पडून आहे, विंडोज चालते त्याच्यात. घेऊन जा सर." चुडामणच्या कानशिलांवर कढत पाणी ओतल्यासारखं झालं. चोर सोडून आपण संन्याशाला फाशी देत होतो, आणि चोर घरातच होता.

घरी त्यानं तृप्तीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून म्हणाली, "म्हणजे त्या सगळ्या बिचाऱ्या म्हाताऱ्या हात लपवत गेल्या, त्या तुमच्यापायी?"

"मला थोडीच माहीत होतं!"

तृप्तीनं तव्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झालेली, तिला कुठला आवाज खरा आणि कुठला नाही हे कळत होतं. तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. चुडामणला ताटावर बसवेना.

सकाळी पंकजचा लॅपटॉप आणि मशीन घेऊन तो स्कूटरवर निंबोल्याला निघाला. सगळ्यात आधी गोदाबाईच का आठवल्या? पदराआडून पैसे पुढं करणारा तो हात त्याला विसरता येत नव्हता. त्यांचं काम जागेवर करून द्यायचं आणि सटकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. फार बोलायची गरज पडणार नाही. आपली चूक दुरुस्तही होईल आणि कुणाला कळणारही नाही. बघा, लाजेच्या पोटातसुद्धा माणूस कशी पळवाट ठेवतो!

ओसरीवर गोदाबाईंची सून शीतल कापूस निवडत होती. "या इंजिनेर," ती म्हणाली. "तुमचंच ऐकून राहिल्या आहेत सासूबाई. केळीत जाणं बंद. दिवसभर न्हाणीपाशी बसतात आन घासतात. माणसं विचारतात, काहून घरी? काय सांगावं? बायका चिडवतात, इची तं निशाणीच मिटली म्हणून."

गोदाबाई आतून आल्या. वाकल्यासारख्या वाटत होत्या. रोज पहाटे डबा बांधून निघणारी बाई घरात बसली की अशीच दिसते. पण चेहरा उजळला होता.

"तू आला भाऊ? मी येणारच होती. पाह्य, कसे निघाले हात!"

त्यांनी हात पुढं केले. काळपटपणा खरंच गेला होता. बोटांची टोकं गुलाबी, गुळगुळीत, एक-दोन ठिकाणी सालटं निघून लालबुंद झालेली.

"कशानं घासलं मावशी?" चुडामण म्हणाला.

"लिंबानं नई निघालं, मंग विटकरीनं घासलं. तूच म्हणला होता ना, चांगलं घासा."

त्यानं लॅपटॉप उघडला, मशीन लावली. गोदाबाईंनी बोट अलगद ठेवलं, अजिबात न दाबता, त्यानं शिकवलं होतं तसं. दिवा लागला. तांबडी खूण आली. त्यानं दुसरं लावायला सांगितलं, मग तिसरं. पंकजच्या लॅपटॉपवर, पक्क्या ड्रायव्हरवर, मशीन आता अगदी खरं सांगत होती. त्या बोटांवर काहीच उरलं नव्हतं.

"नई घेत ना?" गोदाबाईंनी हात मागं घेतला. उलट त्याच त्याची समजूत काढायला लागल्या. "जाऊ दे. तू वाईट वाटून घेऊ नको. तू तं पहिल्यापासून खरंच सांगत होता. माहीच बोटं खराब."

आता मात्र त्याच्यानं राहवेना. हेच ऐकून घेऊन गप्प बसता आलं असतं, आणि बसला असता तर कुणाला कधीच कळलं नसतं. पण आपण ज्या माणसाला खड्ड्यात ढकललं, तोच आपला हात धरून म्हणतो 'तुला लागलं तर नाही ना', तेव्हा गप्प बसायला निराळंच काळीज लागतं. ते चुडामणकडे नव्हतं.

"मावशी, तुमची बोटं चांगली होती."

"आँ?"

"माझी मशीन नीट बसवलेली नव्हती. कसं सांगू... आपला माणूस कचेरीत जातो, साहेबाला मराठी येत नाही, तेव्हा मधे कुणीतरी लागतं ना, ह्याचं त्याला समजावणारं? तसा मशीन आणि कॉम्प्युटरच्या मधे एक असतो. माझ्याकडे तो नव्हता. तुमचं बोट बरोबर सांगत होतं. माझ्या कॉम्प्युटरला ते पोचत नव्हतं."

शीतलनं कापूस खाली ठेवला.

"म्हणजे त्या दिवशी माहं बोट चांगलं होतं?"

"हो."

"आन मी घासून घासून घालवलं?"

"हो, मावशी."

"तुले तवाच ठावं होतं का?"

नव्हतं, असं म्हणणं सोपं होतं. काल तृप्तीला म्हणालाच होता. "शंका आली होती," तो म्हणाला.

"मंग बोलला काहून नई?"

"लाज वाटली. इंजिनेर म्हणता ना तुम्ही सगळे."

गोदाबाईंनी शिवी दिली नाही. त्या उठल्या आणि आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. चुडामणला वाटलं, निघून जावं, पण तो ओसरीवरच थांबला. मग गोदाबाई लुगडं बदलून बाहेर आल्या.

"ती डोळ्याची मशीन म्हणतात, ती कुठं आहे?"

"कचेरीत."

"चल मंग. बसव मले तुह्या गाडीवर."

कचेरीत रांग होती, चुडामण त्यांच्यासोबत उभा राहिला. ओळखीचे दोघं-तिघं भेटले, "काय इंजिनेर, तुम्ही इकडं?" त्यानं सांगितलं, "माझ्याकडे झालं नाही. चूक माझी होती." गोदाबाईंनी दुर्बिणीसारख्या यंत्रात डोळे लावले आणि काम झालं. तिथल्या माणसानं सांगितलं, कातडी भरून येईल, बोटंही उमटतील, घासणं बंद करा. चुडामणच्या छातीवरचा धोंडा जरासा हलला. परत येताना तो स्कूटर जरा सैल हातानं चालवत होता. झालं एकदाचं, असं त्याला वाटायला लागलं होतं.

गाव यायच्या अलीकडे गोदाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब इथं."

रस्त्याला लागून केळीचा बाग होता. आत सात-आठ बायका लुगड्यांवर पुरुषांचे जुने सदरे चढवून पिलं कापत होत्या. गोदाबाईंची ही रोजची टोळी.

"त्याहिले सांग," गोदाबाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"मले जे सांगितलं ते. माही निशाणी मिटली म्हणतात त्या. मी सांगीन तं म्हणतील, बुढी बाता मारते. तू इंजिनेर आहे. तुह्या तोंडानं सांग."

चुडामणनं आजवर शंभर माणसांसमोर भाषणं ठोकली होती. विंडोज, लिनक्स, मॅक, सगळ्यांची उणीदुणी काढली होती. आज केळीच्या दोन ओळींमधे उभं राहून त्याला सुरुवात कुठून करावी ते सुचेना. बायका काम थांबवून पाहत होत्या. त्यांतल्या पुष्कळांना त्यानं दुकानातून असंच परत पाठवलं होतं, हे त्याला तिथं उभं राहिल्यावरच समजलं.

"गोदामावशींच्या बोटात काही दोष नव्हता," तो म्हणाला. "माझ्या मशीनमध्ये होता. मला शंका आली होती, तरी मी त्यांच्या हातांवर ढकललं. चिकानं बोट जातं, हे खरं नाही. त्यांना कुणी काही बोलू नका."

गोदाबाईंनी मान वर करून एकेकीकडे पाहून घेतलं, आणि पदर सावरला. त्यांचं काम झालं होतं.

चुडामण जायला वळणार, तेवढ्यात मागच्या ओळीतली मालूबाई पुढं आली. तिनं विळा बुंध्याशी टेकवला.

"भाऊ," ती म्हणाली, "मंग माहं?"

तिच्या पाठीमागून आणखी एकीनं विळा खाली ठेवला, मग आणखी एकीनं. चुडामणला तोंड वर करवेना. मालूबाईनं हात पुढं केला होता, पण मूठ मिटलेली होती. बोटं दाखवायची तिला लाज वाटत होती.

"दाखव वं मालू," गोदाबाई म्हणाल्या. "लाजू नको. त्यानं पाह्यलीच पाहिजे."

मालूबाईनं हळूहळू मूठ उघडली.